बुशेलची शीग

"घरात कोळसा पेटवू नका, खिडकी उघडी ठेवूनसुद्धा नाही," बाळाला तपासायला घरी येणाऱ्या हेल्थ व्हिजिटरनं बजावलं होतं. ऋजुतानं नुसतं "येस, येस" केलं. इंग्लंडातल्या स्लाऊमध्ये, सेंट्रल हीटिंगच्या घरात कोळसा पेटवतंय कोण!

कोळसा होता तो नवऱ्याच्या, पुष्करच्या बार्बेक्यूचा, मागच्या शेडमध्ये. कार बूट सेलमधून, म्हणजे इथल्या जुन्या बाजारातून, त्यानं बुशेलचं जुनं लाकडी माप हौसेनं आणलं होतं, त्यात काठावर शीग येईतो भरलेला. विकणारा म्हणाला होता, पूर्वी कोळसा असाच मोजायचे. अशी छत्तीस मापं म्हणजे एक चाल्ड्रन.

बाळंतपणाला आलेल्या सासूबाई, सुलक्षणाबाई, माप बघून हसल्या. "ही तर आपल्या पायलीची सासू! आणि ते चाल्ड्रन म्हणजे आपली खंडीच की." मग हळूच, "ओवा टाकून एवढीशी धुरी देऊ का गं ईशानीला?"

"आई, धुरीबिरी अजिबात नाही हं."

दोन हजार सहाचा जानेवारी उजाडला आणि शीग बसली. आठवड्यात कोळसा काठाखाली गेला. आपला डोळा लागला की आई धुरी देतात, ऋजुताची खात्रीच झाली. येता-जाता ती ईशानीचं जावळ हुंगायची. साबणाचाच वास. म्हणजे नंतर पुसून घेतात!

"आई, शेडमधला कोळसा कमी झालाय."

"मांजर असेल."

"मांजर कोळसा खातं?"

"इथली काय, काहीही खातील."

त्या दुपारी ऋजुता झोपेचं सोंग घेऊन पडली. ईशानी कुशीतच होती, तरी निखाऱ्यांचा वास आला. बाळाला पाळण्यात ठेवून ती सासूबाईंच्या खोलीकडे धावली. दार ढकललं, तर फटीत साडी कोंबलेली. खिडकी बंद. लोखंडी कढईत निखारे, आणि पुढ्यात दोन शाली पांघरलेल्या आई, मान टाकून.

खिडकी उघडून तिनं त्यांना ओढत बाहेर आणलं. "आई! आई, डोळे उघडा!"

बऱ्याच वेळानं ओठ हलले. "बाळाला नाही गं दिली... तुझी शपथ. मलाच थंडी वाजत होती."

अँब्युलन्सवाले त्यांना तपासत असताना ऋजुतानं त्या खोलीतल्या हीटिंगच्या रेडिएटरला हात लावला. गारढोण. उन्हाळ्यात, खोली रिकामी म्हणून, तिनंच बंद केला होता.

आई बऱ्या झाल्या. ऋजुता मात्र अजून भेटेल त्याला हेच सांगते, तुम्हालाही सांगेल. "तुमच्याकडे कुणाची आई आलीय राहायला? मग आत्ता उठा, त्यांच्या खोलीतल्या रेडिएटरला हात लावून बघा. त्यांना विचारू नका. त्या 'बरं आहे' म्हणतील."