बीडी बिडि

"बरोबर कोण आलंय, ताता?" स्कॅनच्या खोलीतल्या मुलीने सुब्बरावांना कानडीत विचारलं. म्हैसुरात म्हाताऱ्या माणसाला ताताच म्हणतात.

"मीच आलोय की."

तिने कागदावरच्या रकान्यात आडवी रेघ मारली. "बीडी सोडून किती वर्षं?"

"चार."

"छान केलंत. दम लागायचा कमी झाला असेल, हृदयालाही सुख. पण आधीचा चाळीस वर्षांचा धूर आहे ना, म्हणून खोकला नसतानाच आत बघून घ्यायचं. काही असलंच तर वेळेवर सापडतं."

'काही असलंच तर' एवढंच सुब्बरावांच्या कानात राहिलं. देवराज मोहल्ल्यातल्या आपल्या शिंप्याच्या दुकानात त्यांनी जन्मभर लोकांच्या छात्या मापल्या होत्या. "फुगवू नका हो, श्वास सोडा," म्हणून गिऱ्हाइकांना दटावलं होतं. आज आपल्याच छातीचं माप आतून निघणार होतं.

"सोडलीत कशी पण?" मुलीने सहज विचारलं.

"बायको गेली. सोडा म्हणणारं कुणी उरलं नाही. मग ओढण्यात काय मजा?"

हसावं की नाही, ते तिला कळेना. तिने त्यांना फळीवर निजवलं आणि ती काचेपलीकडे गेली.

त्यांची बायको अंबुजा घरात मराठी बोलायची, पण रागवायची कानडीत. कानडीत 'बिडि' म्हणजे 'सोडा'. "बीडी बिडि!" रोज सकाळी, कॉफीचा लोटा आदळून, एवढंच.

फळी सरकत यंत्राच्या कड्यात शिरली. वरून मुलीचा आवाज आला, "श्वास घ्या, ताता. धरून ठेवा."

सुब्बरावांनी धरला. यंत्र घरघरलं.

"बिडि!" वरून पुन्हा आवाज आला.

"सोडली गं," सुब्बराव मराठीत म्हणाले. "तुझ्या तेराव्यालाच सोडली."

"बोलू नका, ताता! ही नुसती ट्रायल होती. खरा फोटो आता."

ट्रायल त्यांना ठाऊक होती. त्यांनी डोळे मिटून छातीभर श्वास घेतला. यंत्र फिरलं, फिरलं आणि थांबलं.

"बिडि," मुलगी म्हणाली.

सुब्बरावांनी सोडला नाही. अंबुजा कधी एकदा सांगून थांबली नव्हती.