सेव्ह केलंत का?

कुकरची शिट्टी झाली, पण स्वयंपाकघरातून हिची हाक आली नाही. कॉम्प्युटरवर लग्नपत्रिकेची मांडणी करणारे माझे हात थांबले.

लोडशेडिंगच्या काळात एकदा वीज गेली आणि छापायला द्यायची पत्रिका आख्खी उडाली. तेव्हापासून प्रत्येक शिट्टीला ही आतून विचारायची, "सेव्ह केलंत का?" मी वैतागून "हो गं" म्हणायचो.

यंदा आधीचं महागडं सॉफ्टवेअर परवडेना, म्हणून काल लेकीनं ब्राउझरमध्ये चालणारं फुकटचं शिकवलं. "बाबा, यात सगळं आपोआप सेव्ह होतं," ती म्हणाली. ही दारात उभी राहून ऐकत होती.

दुसरी शिट्टीही मुकाट गेली. मी उठून आत गेलो.

"आज विचारलं नाहीस?"

"आता ते आपोआप होतं ना," ही आमटी ढवळत म्हणाली.

"फुकटातलं आहे ते. त्याचा काय भरवसा? तू आपली विचारत जा."

मी जागेवर येऊन बसलो. पुन्हा शिट्टी झाली.

"सेव्ह केलंत का?"

"थांब, करतो," म्हणालो, आणि आत ऐकू जाईल इतक्या जोरात सेव्हची दोन बटणं उगाचच दाबली.