गरम पाण्याचं तेवढं सांभाळ

"लाखेच्या बांगड्या द्या ना, मावशी," मोलकरीण बांगडीवालीला म्हणाली.

"लाखेच्या मुक्या असतात," मालकीणबाई सोफ्यावरून म्हणाल्या. "काचेच्याच भरा. दोन्ही हातांत डझन-डझन. घरात फिरताना वाजल्या पाहिजेत कशा!"

बांगडीवालीने मोलकरणीचा हात हातात घेतला. हात गारठलेला होता आणि मूठ सुटत नव्हती. मनगटावर कुणाच्या तरी बोटांचे वळ होते, चार-पाच दिवसांचे.

मालकीणबाईंचं सगळंच प्रेमाचं. मोलकरणीचा फोन त्यांनी जपून ठेवला होता, कागदपत्रंही जपून ठेवली होती. "मंगळवारी दुपारी ही मागच्या दारापर्यंत गेली होती, बरं का. माझा नेमका डोळा लागलेला. नशीब, कडी वाजली. म्हटलं, एकटीला करमत नसेल बिचारीला. म्हणून ही हौस."

मोलकरणीने मान वर केली नाही. "या निघतात का हातातून?" तिने हळूच विचारलं.

"मी भरलेली बांगडी निघत नाही, पोरी. वाढवावीच लागते."

फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. पण काही म्हटलं तरी काच वाजायची ती वाजतेच. मालकीणबाई खूश होऊन हसल्या.

मोलकरणीची मूठ आणखी आवळली. बांगडीवालीने मोलकरणीच्या तोंडाकडे पाहिलं. उद्या या घरातून एक शब्द बाहेर गेला, चोरीचा आळ आला, की या गल्लीतलं एकही दार बांगडीवालीला उघडणार नव्हतं. तिने पदराने कपाळ पुसलं. बेताच्या मापाच्या बांगड्या परत पेटीत ठेवल्या आणि दोन मापं मोठ्या काढल्या. सैल बांगडी भरणं म्हणजे आपल्या हाताने आपलं नाक कापून घेणं. तिने त्या भराभर मोलकरणीच्या हातांत सरकवल्या आणि कोपराकडे दाबून बसवल्या.

"पुढे लाखेची एकेक घालते," ती म्हणाली. "म्हणजे काच खाली घसरायची नाही."

लाखेची बांगडी तिने सांध्यावर उघडली, मनगटाभोवती घातली, दोन्ही टोकं मेणबत्तीवर शेकून चिमटीत जोडली. बोट आत जाणार नाही इतकी घट्ट. मग दुसऱ्या हातालाही तशीच.

मालकीणबाई उठून जवळ आल्या. त्यांनी लाखेच्या बांगडीत नख घालून ओढून पाहिलं. ती तसूभरही हलली नाही. मग मोलकरणीचा हात धरून खळखळ हलवला. काच छान वाजली.

"झकास," त्या म्हणाल्या.

बांगडीवाली पेटीला दोरी बांधू लागली. गाठ बसेना. "गरम पाण्याचं तेवढं सांभाळ हं, पोरी," ती खाली मान घालून म्हणाली. "लाख आहे ती. कढत पाण्यात मऊ पडते आणि सांध्यावर उघडते. मग मागच्या सगळ्या गळून येतील."

"ऐकलंस ना?" मालकीणबाईंनी दटावलं. "आजपासून भांडी गार पाण्याने घासायची."

"हो, बाई," मोलकरीण म्हणाली. तिची मूठ सुटली होती.

दुपारी मालकीणबाई आडव्या झाल्या. त्यांच्या खोलीचं दार उघडंच असायचं, कारण मागच्या दाराकडे जाणारी वाट त्या दारावरूनच होती. स्वयंपाकघरातून बांगड्यांचा आवाज येत होता. तो ऐकत त्यांनी डोळे मिटले.

मध्येच आवाज थांबला.

"काय करतेयस गं?"

"चहाचं आधण ठेवलंय, बाई," मोलकरीण म्हणाली. आवाज सरळ काढायला तिला फार कष्ट पडले. डावं मनगट भाजून लाल झालं होतं आणि खालचा ओठ तिने दाताखाली धरला होता. लाखेची बांगडी उघडून पातेल्याच्या तळाशी पडली होती.

"मग बांगड्या का गं गप्प झाल्या?"

डाव्या हातातल्या बाराही बांगड्या आता तिच्या डाव्या मुठीत होत्या. त्या वाजवत वाजवत तिने उजवा हात पाण्यात घातला.