कंपनीचं सुतक

झुंबरबाई स्टेशन रोडवरच्या शोरूममध्ये भांडायला म्हणून शिरल्या आणि दारातच थबकल्या. आत उदबत्ती जळत होती. कंपनीच्या गोऱ्या मालकाच्या फोटोला ताजा हार होता. खाली सतरंजीवर तीन मोटारमालक माना खाली घालून बसले होते, आणि एजंट दत्तोपंत उपरण्यानं डोळे टिपत होते.

"कंपनी गेली हो, झुंबरबाई. विलायतेहून तार आली. दिवाळं निघालं."

"आन माजी ग्यारंटी?"

सतरंजीवरच्या तिघांनी दचकून वर पाहिलं. दुःखाच्या घरात हे काय बोलणं? खरं तर तेही सकाळी असेच तावातावानं आले होते. एकाचा डायनामो जळलेला, एकाचा रेडिएटर गळका, एकाची क्लच प्लेट गेलेली. पण हार पाहिल्यावर जीभ उचलेना. "लई वाईट झालं," एवढं म्हणून टेकले, ते टेकलेच. दुखवट्याला बसल्यावर देण्याघेण्याचं बोलायचं नसतं, हे कोल्हापुरात कुणाला शिकवावं लागत नाही. दत्तोपंतांना तर नाहीच नाही.

झुंबरबाईंची टॅक्सी गिअरबॉक्स फुटून पन्हाळ्याच्या घाटात उभी होती. जोतिबाची यात्रा तोंडावर आलेली. नवऱ्यामागं अंगावरचे डागदागिने मोडून घेतलेली गाडी. यात्रेत ती पळाली नाही, तर वर्षभर खायचं काय? आणि इथं, शोरूमच्या मधोमध, त्याच बनावटीची नवीकोरी गाडी विकायला उभी. तिच्या पोटात धडधाकट गिअरबॉक्स.

त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि उंबऱ्यालगत बैठक मारली.

"सुतक किती धरलंय, पंत?"

"दहा दिवस धरावं म्हणतो," दत्तोपंत हळहळत म्हणाले. दहा दिवसांत माणसं बरंच विसरतात.

तेवढ्यात कागलकडचे एक फेटेवाले इनामदार दारात आले. नव्या गाडीवर त्यांचा डोळा होता. दत्तोपंतांचं दुःख अर्धं उठून उभं राहिलं.

झुंबरबाईंनी हात आडवा घातला. "थांबा, पावणं. हितं सुतक हाय."

"कोण गेलं?"

"थोरलं मालक. विलायतेत. दा दीस इक्री न्हाय. आन सुतकातली गाडी आपल्या दारात न्यायची म्हंजी..."

त्यांनी वाक्य तिथंच सोडलं. इनामदारांनी उंबऱ्यावरचं पाऊल मागं घेतलं.

"अहो, या, या!" दत्तोपंत धावले. "सुतक कसलं! आमच्या रक्ताचं आहे का कुणी?"

"मग डोळं कशापायी पुसत हुता?"

"धूर गेला हो उदबत्तीचा!"

"म्हंजी सुतक न्हाय?"

"नाही!"

"हुतं की आत्ता. ह्ये तिघं सकाळधरनं बसल्यात."

"होतं! फिटलं!" दत्तोपंतांनी उदबत्ती चिमटीत विझवली, बोटं भाजली. "झालं समाधान?"

"झालं की." झुंबरबाई उठल्या. तिघंही उठले. बसून बसून त्यांच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. "ऐकलं न्हवं, मंडळी? सुतक फिटलं. आता वाटणी."

त्यांनी बाहेर उभ्या असलेल्या आपल्या ड्रायव्हरला हाक मारली. "गौस! पानं-पक्कड घिऊन ये. गिअरबॉक्स आपला. डायनामो ह्यांचा, रेडिएटर त्यांचा, क्लच प्लेट ह्या दादांची."

गौस सरळ नव्या गाडीखाली शिरला. इनामदारांनी काठीनं मागचं चाक दाबून पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "टायर कुनाकडं जानार म्हनायचं?"

दत्तोपंत दोन्ही हात पसरून गाडीला पाठ लावून उभे राहिले. "खबरदार! रोख पैसे मोजून आणलीय मी ही गाडी!"

"आमी बी," झुंबरबाई म्हणाल्या.

गाडीखाली पहिला नट फरशीवर पडला.