दरिद्री करणे, क्रियापद

“‘त्या युद्धाने देश पार धुळीला मिळवला.’” पारख्याने वाक्य मोठ्याने वाचलं, चिठ्ठी पालथी घातली आणि छताकडे बघत म्हणाला, “रुइन.”

“चूक,” कोशकार म्हणाला.

“मग वाक्य चूक. माझं डोकं बरोबर आहे.”

इंग्रजी शब्दकोशाच्या त्या खात्यात कामाची एक पद्धत होती. कोशकाराने इंग्रजी शब्द झाकून ठेवायचा, तो कसा वापरतात ते दाखवणारं एक वाक्य आपल्या भाषेत लिहायचं आणि समोरच्या टेबलावर सरकवायचं. पारख्याने नुसत्या वाक्यावरून शब्द ओळखायचा. ओळखला तर नोंद छपाईला, नाही ओळखला तर चिठ्ठी केराच्या टोपलीत. पद्धत चोख होती, फक्त तिला घाई नव्हती. दोघं नोकरीला लागले तेव्हा कोश ‘ए’ या अक्षरावर होता. आता दोघांचे केस गेले होते आणि कोश ‘आय’पर्यंत आला होता.

आदल्या दिवशी संचालकांनी कोशकाराला एकट्याला आत बोलावून दार लोटून घेतलं होतं. चहाही मागवला होता, तेव्हाच त्याला शंका आली. या कचेरीत संचालक फुकट चहा कोणाला पाजत नसत.

“खात्यात यापुढे एकच खुर्ची ठेवता येईल,” संचालक म्हणाले. “मला सांगा, हे ओळखाओळखीचं काम खरंच गरजेचं आहे का? तुम्ही म्हणाल तसं करू.”

कोशकाराच्या बायकोचे गुडघे ऑपरेशनला आले होते. मुलगा मुलाखती देता देता मुलाखती घेण्याच्या वयाला येऊन ठेपला होता. कोशकाराने चहा संपवला आणि म्हणाला, “तसं बघितलं तर त्यावाचून काही अडत नाही.”

“झकास. मग उद्या संध्याकाळपर्यंत तुम्हीच त्यांच्या कानावर घाला. इतके जुने मित्र आहात, तुमच्या तोंडून ऐकलं की बरं वाटेल.”

सकाळपासून कोशकाराने कितीदा तरी तोंड उघडलं होतं. एकदा त्यातून पंख्याची तक्रार निघाली, एकदा गुडघ्यांची, एकदा नुसतीच जांभई. समोर पारखी डबा खात होता, पेन्सिलीला टोक करत होता, आपल्या डब्यातली भाजी आग्रहाने याच्या डब्यात वाढत होता.

आणि नेमकं आजच यादीत हे क्रियापद आलं होतं.

त्याने दुसरी चिठ्ठी सरकवली. ‘वर्षानुवर्षं एकच पीक काढून त्यांनी जमीन निकस केली.’

“एग्झॉस्ट,” पारखी म्हणाला. “आणि तो शब्द ‘ई’मध्येच होऊन गेलाय. तेव्हा तुला भांग पाडता येत होता.”

“चूक.”

“मग काहीतरी खूण सांग की लेका. नियमात एक बसते.”

कोशकाराने खिडकीबाहेर बघितलं. “कोणीतरी कोणाजवळचं काहीतरी कमी करतो.”

“चोरी?”

“चोराच्या हाताला काहीतरी लागतं रे. यात करणाऱ्याच्या हाती काही लागेलच असं नाही. ज्याचं गेलं त्याचं मात्र गेलं.”

“सभ्य शब्द दिसतोय.”

“फार सभ्य. अहवालात शोभून दिसतो. घरातलं पीठ संपलं म्हणून हा शब्द कोणी वापरत नाही.”

“पैशाबद्दलच असतो?”

“जमीन, भाषा, आयुष्य, काहीही चालतं. एक खूण म्हणालास, चार झाल्या.”

बाहेर कपाटं बंद होऊ लागली होती. छपाईवाल्या बाई पर्स खांद्याला लावून निघाल्या. संचालकांच्या दाराच्या काचेत अजून उजेड होता. कोशकाराने तिसरी चिठ्ठी पुढ्यात ओढली. शब्द लिहिण्यात त्याचा जन्म गेला होता, बोलणं त्याला कधीच जमलं नव्हतं. त्याने एका दमात वाक्य लिहिलं आणि हात मागे घेण्याआधीच चिठ्ठी पुढे ढकलली.

‘मित्राच्या कामावाचून अडत नाही असं सांगून त्याने स्वतःची खुर्ची राखली आणि खातं कायमचं दरिद्री केलं.’

या वेळी पारख्याने मोठ्याने वाचलं नाही. त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला, आणि चिठ्ठीवरून एकदा बोट फिरवलं.

“इम्पॉव्हरिश,” तो म्हणाला.

“बरोबर.”

“वाक्य सुरेख उतरलंय. पाठव छपाईला.”

“कालच विचारलं मला. हिचे गुडघे, घरात बसलेलं पोरगं...” कोशकार चिठ्ठीकडे बघत म्हणाला. “दोन शिव्या तरी घाल लेका.”

पारख्याने ड्रॉवर उघडला आणि पेन्सिली एकेक करून पिशवीत टाकायला सुरुवात केली. शेवटची पेन्सिल हातातच राहिली.

“परवा मलाही आत बोलावलं होतं,” तो म्हणाला. “चहा पाजला. एकच खुर्ची म्हणाले.”

कोशकाराने वर बघितलं.

“मी म्हटलं, अर्थ लिहायचं काय एवढं, कोणीही लिहील.” पारख्याने पिशवीचा बंद ओढला. “तुला आज सांगायचं काम माझ्याकडे दिलंय.”