परवलीचा शब्द

अपेक्षा सायबर सिक्युरिटीच्या डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला होती. प्रोजेक्टसाठी तिने कॉम्प्युटरवर बाबांचा आवाज इतका हुबेहूब बनवला, की आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "अहो, चहा टाकू का?" त्या दिवसापासून घरात नियमच झाला. अनोळखी नंबरवरून आपलं माणूस बोललं, तरी आधी परवलीचा शब्द विचारायचा. सांगता आला नाही, तर फोन बंद. नातं नंतर.

एका दुपारी कोथरूडच्या हॉस्टेलवर ती अभ्यास करत असताना फोन आला. नंबर अनोळखी होता.

"अपेक्षा, मी बाबा. गडबडीत माझा मोबाईल घरीच राहिला, हा रिक्षावाल्याचा आहे. आई चक्कर येऊन पडली गं. कात्रजला दवाखान्यात आणलंय. विम्यासाठी तुझ्या मोबाईलवर ओटीपी आलाय, तेवढा सांग पटकन."

आवाज बाबांचाच होता. ओटीपीही खरंच आलेला होता. वर्गात शिकवलेली फसवणूक अगदी अशीच सुरू व्हायची.

"आधी परवलीचा शब्द सांगा."

"अगं, ही काय वेळ आहे का माझी परीक्षा घ्यायची?"

"हीच वेळ आहे. शब्द सांगा, नाहीतर फोन ठेवते."




"ठेवू नकोस, बाळा. तो शब्द तुझ्या आईच्याच लक्षात असतो गं. तिला कधीचा हाका मारतोय, ती ओ देत नाहीये."