फुटका कठडा

घरात बाबांना मुलगा कोण, सून कोण, कशाचाच पत्ता नसे. पण संध्याकाळी ते उजाड चौकातल्या कोरड्या कारंज्याच्या फुटक्या कठड्यावर जाऊन बसत आणि मुलगा न्यायला आला, की हमखास ओळखत. "आलास? चल."

चौकाचा कायापालट करायचं काम मुलाच्याच ऑफिसकडे आलं. बाबांसाठी म्हणून त्याने त्यात जीव ओतला. कठडा गेला, पाठ टेकायला बाकं आली, कारंजं उडू लागलं. पहिल्याच संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती.

बाबा नव्या बाकाच्या कडेला अवघडून बसले होते.

"बाबा, चला."

ते लगबगीने उठले. "साहेब, मला जरा आमच्या चौकात सोडता का? मुलगा तिथे न्यायला येतो. खोळंबला असेल बिचारा."